प्रसूतिगृहाच्या दाराला तांब्याची मूठ

तांबटकाका, परवा तुमच्या खोलीत फिनेल शिंपडलं. मीच शिंपडलं. तुम्ही असता तर खाटेवरून उठून बादली उलटी केली असती आणि म्हणाला असता, "शिस्टर, हे वासाचं पानी माह्या घरात नोको." शकूनं बादली हातात देताना विचारलंसुद्धा, "ताई, बाबाले चालंल का वो?" मी म्हटलं, "नाही चालणार. पण आता ते अडवायला येणार नाहीत." मग आम्ही दोघी रडता रडता हसलो. मयताच्या घरात दोन बायका हसताहेत हे पाहून तुमच्या शेजारणीनं दार ओढून घेतलं. तेवढं पोटात घाला. नऊ वर्षं आपण भांडलो, त्या सवयीनं झालं.

तुमची पहिली भेट मला लख्ख आठवते. शकू पहिल्या बाळंतपणाला अमरावतीहून अकोल्याला माहेरी आली होती आणि तुम्ही तिला आमच्या प्रसूतिगृहात घेऊन आलात. एका हातात शकूचं गाठोडं, दुसऱ्या हातात तांब्याची घागर. मी नोकरीला लागून चारच महिने झाले होते. आदल्या वर्षी आमच्या सगळ्या वस्तीनं धम्मदीक्षा घेतली होती, आणि मी आमच्या घरातली पहिली पगारी बाई. पांढऱ्या टोपीला इतकी कडक खळ लावायची की मान वळवली तरी टोपी समोरच बघायची. अशा माझ्याकडे तुम्ही पाहिलंही नाही. तुम्ही पाहिलं बाळांच्या खोलीच्या दाराकडे. नखानं त्याची मूठ वाजवली.

"हे लोखंड हाय. कोनं बसवलं?"

"ज्यानं दार बसवलं त्यानं," मी म्हटलं.

"मेलेलं लोखंड हाय. याच्यावर किडे जगते."

"आणि तांब्यावर?"

"तांब्यावर मरते. आमच्या तांबटआळीत आजवर पटकी शिरली नाई. इचार कोनाले बी."

"तुमच्या ठोक्यांच्या आवाजानं पळून जात असेल," मी म्हटलं. त्यावर तुम्ही प्रथमच माझ्याकडे नीट पाहिलंत. डोळ्यांत राग होता, पण मिशी हसली होती. तिथेच आपलं जमलं असं मला आज वाटतं. त्या दिवशी मात्र वाटलं, हा म्हातारा दहा दिवस डोकं खाणार.

दहाचे वीस दिवस झाले, आणि त्याचं कारण वाईट होतं. शकूला मुलगी झाली त्याच आठवड्यात बाळांच्या अंगावर फोड यायला लागले. आधी एका बाळाच्या काखेत, मोत्यासारखे. दोन दिवसांत त्यात पू. मग शेजारच्या बाळाला. तिसरी शकूची मुलगी. पहिलं बाळ तापानं फणफणलं, दूध ओढेना. डॉक्टरीणबाई दिवसातून दहा वेळा त्याच्या पाळण्याशी येऊन ताप पाहून जात. दुपटी उकळली, पाळणे उन्हात टाकले, घरच्यांखेरीज भेटायला येणारे बंद केले, तरी चौथं बाळ लागलंच. बाईंनी मला बोलावून सांगितलं, "आणखी एकाला झालं तर मी ही खोली बंद करते. नव्या बाळंतिणी घेणार नाही." ज्या बायका तालुक्याच्या गावांहून बैलगाडीत बसून येत त्या मग कुठं जाणार, हे बाईंनाही ठाऊक होतं आणि मलाही.

मी हात धूत होते. कार्बोलिक साबणानं, कोपरापर्यंत, कातडी भेगाळेपर्यंत. एका सकाळी अशीच हात धुऊन, ते वर धरून, नवरदेवाच्या करवलीसारखी तोऱ्यात चालत आले आणि बाळांच्या खोलीचं दार उघडलं. बाहेरच्या बाकावर तुम्ही बसला होता. तुम्ही हसलात.

"काहून हासून राहिले?" मी विचारलं.

"तू रोज हेच करते, शिस्टर. हात धुते, अन् मंग दाराले हात लावते. आयाबाई पोतेरं टाकून त्याच दाराले हात लावते. डॉक्टरीणबाई लावते. तुह्या हाताले तू धुते, दाराले कोन धुते?"

काका, मी नागपूरला तीन वर्षं शिकले. पहिल्या नंबरानं पास झाले. हे मला एका तांबटानं बाकावर बसून सांगावं! मी परत जाऊन पुन्हा हात धुतले आणि कोपरानं दार ढकलून आत गेले.

रोग कुठून कुठं जातोय ते आपल्या दोघांनाही एकदमच कळलं. उपाय मात्र दोघांचे दोन. मी म्हटलं, मूठ दर तासाला फिनेलनं पुसू. तुम्ही म्हणालात, मूठ तांब्यानं मढवू. डॉक्टरीणबाईंना भांडण ऐकायला वेळ नव्हता. "दोन्ही करा, आणि लवकर करा," त्या म्हणाल्या. तुम्ही लगेच हत्यारं आणलीत आणि बाळांच्या खोलीच्या दाराशी मांडी घालून ठोकायला बसलात. आत आठ बाळं एका सुरात किंचाळली. मी तुम्हाला मागच्या अंगणात लिंबाखाली हाकललं. संध्याकाळी ती मूठ दारावर बसली. बारीक ठोक्यांची, उन्हात पिकलेल्या संत्र्यासारख्या रंगाची. छान होती. हे मी तेव्हा बोलले नाही.

मग तिचे हाल सुरू झाले. तिसऱ्या दिवशी येऊन पाहते तर मुठीला हळदकुंकू. कुठल्याशा बाळंतिणीच्या आईनं लावलं होतं. दवाखान्याच्या दारावर तांबं कशाला असेल, देवाचंच काही असणार, असा तिचा हिशेब. दुपारपर्यंत तिथे एक तुळशीचं पान चिकटलं. दार उघडायच्या आधी लोक मुठीला हात लावून तो कपाळाला लावायला लागले. मी फिनेलचं फडकं घेऊन धावले की त्या बाया माझ्याकडे अशा बघायच्या, जशी मी समईवर पाणी ओततेय. तुम्ही बाकावर बसून मिशीत हसत होता. "पूजा करू दे नं. हात तर लागून राहिला नं तांब्याले?"

त्या हसण्याचं उट्टं गिरजाबाईनं काढलं. गिरजाबाई आमची आया, मनानं सोनं, पण चकाकी दिसली की तिचं भान सुटायचं. तुमची मूठ चार दिवसांत काळवंडली. तिला ते बघवेना. तेवढ्यात रस्त्यानं कल्हईवाला ओरडत गेला. तिनं मूठ उपसली आणि नेऊन तिला झकास कल्हई करून आणली. सकाळी तुम्ही आलात तेव्हा दारावर चांदीसारखी मूठ झळकत होती आणि तिच्याशेजारी गिरजाबाई शाबासकीसाठी उभी होती.

तुम्ही बाकावर बसलात. खरं तर कोसळलातच.

"गिरजाबाई," तुम्ही अगदी हळू आवाजात म्हणालात, "कल्हई काहून करते मानूस? तांब्याचा अंश पोटात जाऊ नये म्हनून. कल्हई म्हंजे तांब्याचं तोंड बांधनं व्हय. त्याच्या तोंडाले फडकं बांधलं तुमी."

"पन दिसते कशी राजा!" गिरजाबाई म्हणाली.

तुम्ही मूठ पुन्हा लिंबाखाली नेलीत आणि दिवसभर घासत बसलात. त्या दिवशी मी तुम्हाला आपणहून चहा आणून दिला. आठवतं? तुम्ही म्हणालात, "आता तू बी हास." मला हसायला आलं नाही. आत शकूच्या मुलीला ताप होता.

त्यानंतर जे झालं त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. दर्यापूरकडची एक आजी नातू झाला म्हणून आली होती. तिनं मला दुसऱ्याच दिवशी विचारलं, "तू कोनाची वं?" मी सांगितलं. तेव्हापासून मी उघडलेल्या दाराला ती हात लावीना. दुसरं कोणीतरी येऊन दार उघडेपर्यंत भिंतीशी उभी राहायची. मी पाहत होते, काम करत होते. अशा गोष्टी पाहत काम करायची मला शाळेपासून सवय होती. तुम्हाला सवय नव्हती. तुम्ही मदतीला गेलात.

"आजी, उघडा दार," तुम्ही म्हणालात. "तांबं हाय ते. तांब्याले इटाळ लागत नाई."

आजीचा चेहरा खुलला. तिनं मूठ धरली, दार उघडलं, आत गेली. गिरजाबाई हसली. सगळ्यांनाच सुटल्यासारखं वाटलं. मी हातात औषधाचा ट्रे घेऊन मागे उभी होते.

"काका," मी म्हटलं, "तांब्यावर किडे मरतात म्हणता ना? मग मी त्यातलीच एक का? माझा हात लागला की तुमची मूठ त्याला मारते अन् साफ होते?"

"मी आजीले दार उघडाले सांगतलं, शिस्टर. तुले काई बोललो नाई."

"मलेच बोलले तुमी. मलेच."

माझा आवाज पहिल्यांदाच इतका चढला होता. तुम्ही हातोडी पिशवीत टाकलीत आणि निघून गेलात. चार दिवस आला नाहीत. नातीला ताप असताना आला नाहीत, यावरून शकूला कळलं की काहीतरी मोठं बिनसलंय. मी तिला काही सांगितलं नाही. रागानं मला झोप लागत नव्हती, आणि तुम्ही येत नाही याचाही राग येत होता.

पाचव्या दिवशी माझी सुट्टी होती. दहाच्या सुमाराला आमच्या वस्तीत कालवा झाला. बाहेर पाहते तर तुम्ही, खांद्याला पिशवी, मागे वीस पोरं आणि दोन कुत्री. "शिस्टरचं घर कोनतं?" असं विचारत अख्खी गल्ली पालथी घालून आला होता. माझ्या मायनं बाज टाकली. तिला तुम्ही कोण ते ठाऊक होतं. घरी आल्यावर मी दुसऱ्या कोणाबद्दल बोलतच नव्हते.

"चहा टाकू का?" माय म्हणाली.

"आधी पानी द्या, माय."

माय माठाकडे वळली. मी मध्ये बोलले. तुम्ही तांब्याशिवाय पाणी पीत नाही हे अवघ्या अकोल्याला माहीत होतं. लग्नाच्या पंगतीतही तुम्ही आपला तांब्या घेऊन जायचात.

"तुमचा तांब्या आहे ना पिशवीत?"

"हाय. राहू दे."

मायनं माठातून पेला भरून दिला. तुम्ही तो दोन्ही हातांनी धरला. एरंडेल घ्यायच्या वेळी पोरं करतात तसं तोंड केलंत, डोळे मिटलेत आणि एका दमात प्यालात. मग पेला पुढे केलात. "अजून एक." दुसराही तसाच, डोळे मिटून. मला हसू फुटलं. मोठ्यानं हसले मी, काका.

मग तुम्ही सांगितलंत. "सकाळी आजीकडे जाऊन आलो. म्हटलं, आजी, मी खोटं बोललो. तांब्याचं काई नाई त्याच्यात. दाराले इटाळ कवाच नव्हता. तुमाले हात लावाचा नसंल तर नातवाले बाहेरूनच पाहा."

"मग?"

"शिव्या देल्ल्या मले. माह्या बापाले बी देल्ल्या. मंग दार उघडलं तिनं. नातू पाहाचा होता नं."

तुम्ही माफी मागितली नाहीत आणि मी ती मागायला लावली नाही. मायनं कांद्याची भजी तळली. तुम्ही किती खाल्लीत ते मी मोजलं नाही, पण मायनं दोनदा पीठ भिजवलं. दुसऱ्या दिवशी तुमचं पोट बिघडलं आणि तुम्ही प्रसूतिगृहात येऊन जाहीर केलंत, "मी म्हनत नव्हतो? माठाचं पानी." मी म्हटलं, "भजी." हे भांडण आपण नऊ वर्षं भांडलो. मायला शेवटपर्यंत वाटत होतं की तुम्ही तिच्या माठाला नावं ठेवता, आणि तरी दर खेपेला तुम्ही तिच्याकडे आलात की तिच्याच माठाचं पाणी मागायचात.

त्याच आठवड्यात शकूनं मला काकूंबद्दल सांगितलं. शकू चार वर्षांची असताना काकू माहेरी गेल्या होत्या, तिथे गावात पटकी आली. त्या घरी पाणी माठातलं. तुम्ही पोहोचलात तेव्हा सगळं उरकलं होतं. त्या दिवसापासून तुम्ही मातीच्या भांड्यातलं पाणी तोंडाला लावलं नव्हतं. शकू म्हणाली, "बाबा म्हन्ते, मी तिच्यासंगं एक तांब्या देल्ला असता तर." वीस वर्षं तुम्ही भेटेल त्याला तांब्याचं पुराण का सांगत होता ते मला तेव्हा कळलं. आणि आमच्या बाजेवर डोळे मिटून तुम्ही काय गिळलंत तेही. तुमच्याजवळ हा विषय मी कधी काढला नाही. काढायला हवा होता. मी हसले होते, त्याबद्दल तरी बोलायला हवं होतं.

बाळं बरी झाली. पहिल्या बाळाचा ताप उतरला, नवे फोड यायचे थांबले, शकूची मुलगी गाल फुगवून दूध प्यायला लागली. डॉक्टरीणबाईंनी खोली बंद केली नाही. कशानं बरी झाली, यावर बाई म्हणाल्या, "आपण एकाच वेळी पाच गोष्टी बदलल्या. कशानं झालं ते मी सांगू शकत नाही." एवढ्यावर गप्प बसतील ते तांबटकाका कसले? तुमचे जावई अमरावतीला एका कॉलेजात कारकून. तिथल्या प्रयोगशाळेतल्या मास्तरांना त्यांनी गाठलं, आणि आपण दोघं दोन मुठी घेऊन एसटीनं निघालो. एक बाळांच्या खोलीची तांब्याची, एक मागच्या दाराची लोखंडी. मी त्या उकळलेल्या पांढऱ्या फडक्यांत बांधल्या होत्या. तुम्ही त्या मांडीवर घेऊन, कोणाचा धक्का लागू नये म्हणून गंभीर तोंडानं ताठ बसलात.

मूर्तिजापूर येईपर्यंत गाडीतलं बोलणं बंद पडलं. एका पागोटेवाल्या माणसानं उठून मला जागा दिली. कंडक्टरनं टोपी काढली आणि हळूच विचारलं, "कोन गेलं, बाबा?"

तुम्ही बोचक्यांकडे पाहिलंत. "कोनी गेलं नाई. जितेच हायेत. म्हनून तर नेऊन राहिलो."

बडनेऱ्यापर्यंत आपल्या बाकाच्या आसपास कोणी बसलं नाही.

मास्तरांनी मुठींवरून ओला कापूस फिरवून तो जंतू वाढवायच्या दोन काचेच्या ताटल्यांत टेकवला. दोन दिवसांनी तुम्हीच मला पुन्हा ओढत नेलंत. लोखंडाच्या ताटलीत साबुदाणा सांडल्यासारखं झालं होतं. तांब्याची ताटली जवळपास कोरी, तीनच ठिपके. मला वाटलं, आता तुम्ही नाचणार. तुम्ही भिंगातून पाहत राहिलात आणि कपाळाला आठी घातलीत.

"हे तीन कोन?"

मास्तर हसले. "आजोबा, एवढ्यावरून तसंही काही सिद्ध होत नाही. पण तांब्याला मारायला वेळ लागतो. नुकताच कोणाचा हात लागला असेल तर काही जिवंत राहणारच."

"कोनाचा हात लागन? फडक्यात होती मूठ."

"बडनेऱ्याला कंडक्टरला दाखवायला फडकं कोणी सोडलं होतं?" मी विचारलं.

येताना सगळा रस्ता मी बोलत होते. वेळ लागतो म्हणजे तोवर हात धुवायलाच हवेत, पुसायलाच हवं, हे मी कुरुम आलं तरी समजावत होते. घरी पोहोचेपर्यंत तुम्ही जिंकला होता आणि मीही. बाईंनी सगळ्या दारांना तांबं लावून घेतलं. तुम्ही मग आवरला नाहीत. स्वतःच्या सायकलचं हँडल मढवलंत. पोस्टात जाऊन खिडकीची कड मढवून देतो म्हणालात. एसटी स्टँडवर साहेबाला गाठून गाडीच्या दांड्यांबद्दल अर्धा तास बोललात. त्यानं तुम्हाला चहा पाजला आणि घरी पाठवलं. उभ्या गावात तुमचं ऐकणारी जागा एकच होती, आमचं प्रसूतिगृह. तिथेही दर तासाला मी फिनेलचं फडकं घेऊन तुमच्या मागे.

गेल्या वर्षी दमा बळावला आणि शकू तुम्हाला अमरावतीला घेऊन गेली. महिन्यातून एक रविवार मी यायची. गेल्या रविवारी आले तेव्हा तुम्ही उशीला टेकून बसला होता, श्वास मोजून घेत. नात शाळेतल्या कविता म्हणून दाखवत होती. ती बाहेर गेल्यावर तुम्ही मला जवळ बोलावलंत.

"शिस्टर, मी गेल्यावर लोकाईले सांगशील नं? बुढा बरोबर बोलत होता म्हनून."

"अर्धं सांगीन."

"कोनतं अर्धं?"

मी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात शकू औषध घेऊन आली, तुम्हाला खोकल्याची उबळ आली, आणि माझ्या गाडीची वेळ झाली. दारातून मी म्हटलं, "पुढच्या रविवारी सांगते. भांडायला तयार राहा."

"ये," तुम्ही म्हणालात. "मी कुठी जातो."

गुरुवारी शकूचा निरोप आला.

तुम्हाला वाटलं असणार, मी मुठीबद्दल काही म्हणेन. ते नव्हतं, काका. आजीच्या दाराशी तुम्ही जे पहिल्यांदा बोललात ते चूक होतं, आणि पाच दिवसांनी तिच्या तोंडावर जाऊन जे बोललात ते बरोबर. आमच्या घरात आजवर कोणी पाहुणा अशी चूक दुरुस्त करून आला नव्हता. हे मी तुम्हाला तुमच्या खाटेवर बसून, तुमचा हात धरून सांगणार होते, आणि मग तुम्ही म्हणाला असता की तांब्याचंही बरोबरच होतं, आणि आपण संध्याकाळच्या गाडीपर्यंत भांडलो असतो.

आज रविवार आहे. मी रजा काढून ठेवली होती.